सोयाबीन आपलं, रस्सा कोरियाचा, अन् पोरांच्या ताटात काय?

चार दिवसांआधी मी इथे एक फोटो टाकला होता. काळ्या मातीच्या भांड्यात खदखदणारा लाल रस्सा, त्यात पांढरे मऊ गोळे, वर फोडलेलं अंडं. खाली एवढंच लिहिलं होतं, "पुण्यात सोयाबीन खाल्लं."

त्यावर जे काही आलं ते तुम्ही वाचलंच असेल. "भाऊ मोठे झाले." "कोरियन सिरियलचा नाद लागला का जी?" "दिघोरीचा माणूस दिघोरीत पेज पितो अन् पुण्यात टोफू खातो." हे सगळं मान्य, चालायचंच. पण एका शेतकरी मित्राने लिहिलं, "सोयाबीनले भाव नाही अन् तुमी सोयाबीनच्या भाजीचे फोटो टाकता. लाज वाटाले पायजे."

ही कमेंट सगळ्यात बरोबर होती. लाज वाटायलाच पाहिजे. फक्त कोणाला, ते नीट ठरवू. त्यासाठी ही पोस्ट. लांब आहे, वेळ काढून वाचा.

आधी ते काय होतं ते सांगतो, कारण निम्म्या लोकांना ते पनीर वाटलं.

कोरियन लोक त्याला सुंदुबू जिगे म्हणतात. सुंदुबू म्हणजे न दाबलेला मऊ टोफू, जिगे म्हणजे दाट रस्सा. टोफू करायला सोयाबीन रात्रभर भिजवायचं, वाटायचं, चांगलं उकळायचं आणि फडक्यातून गाळायचं. त्याचं दूध निघतं. आपण गाईच्या दुधात लिंबू पिळून ते फाडतो, तसं या दुधात क्षार घालून ते साकळवायचं. दाबलं तर पनीरसारखी वडी होते. न दाबता तसंच ठेवलं तर सुंदुबू. कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर गांगनुंग नावाचं शहर आहे. तिथल्या छोदांग वस्तीत टोफू साकळवायला समुद्राचं पाणी वापरायची जुनी रीत आहे, आणि त्या वस्तीत टोफूच्या खानावळींची रांगच आहे. म्हणजे लागतं काय, तर मूठभर सोयाबीन, पाणी, क्षार आणि जाळ. यात श्रीमंतीचं काहीच नाही.

आता पुण्यात हे कुठून आलं? रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला. कारखान्यांमागून कोरियन इंजिनिअर आले, त्यांच्यामागून त्यांच्या खानावळी आल्या. आणि त्याच कारखान्यांच्या पट्ट्यात आपल्या लाखांदूर, पवनी, साकोलीची पोरं बारा-बारा तास मशीनवर उभी असतात. माझा भाचा त्यातलाच एक. त्यानेच नेलं.

मला वाटलं होतं झगमगाट असेल. काही नव्हता. लाकडी टेबलं, स्टीलचे चमचे, स्टीलच्या काड्या. ड्युटी सुटलेले कोरियन लोक एकेकटे येऊन मान खाली घालून जेवत होते. साकोलीच्या बसस्टँडसमोर ड्रायव्हर-कंडक्टर जेवतात ना, अगदी तसे. भांडं चुलीवरून थेट टेबलावर येतं, रस्सा उकळत असतानाच त्यात कच्चं अंडं फोडायचं, ते तिथेच शिजतं. सोबत लहान लहान वाट्यांमधून किमची, मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, काकडी, पालेभाजी. वाटी संपली की पुन्हा आणून देतात, त्याचे पैसे नाहीत. भात तापलेल्या भांड्यात येतो. भात काढून घेतला की तळाच्या खरवडीवर गरम पाणी ओततात आणि जेवण झाल्यावर ते पाणी पितात. भाचा म्हणाला, "मामा, हे तं आपली पेजच झाली." खरंच तशीच लागली.

चव सांगू? तिखट आहे, पण झोंबत नाही. टोफूला स्वतःची चव फार नसते, तो रस्सा पिऊन घेतो. आपल्या सावजीच्या रश्शात टाकला तर तिथेही निमूट राहील.

सांगायचा मुद्दा हा की हे गरिबाचं, कामकऱ्याचं जेवण आहे. परदेशात ते पोहोचलं तेही तसंच. १९९६ साली लॉस एंजेलिसच्या कोरियन वस्तीत ही सूक ली नावाच्या बाईने टोफूच्या रश्शाची खानावळ काढली. सोलमधल्या बुकचांग-डोंग या भागावरून बीसीडी टोफू हाऊस असं नाव ठेवलं. चोवीस तास उघडी. रात्रपाळीवाला पहाटे तीनला आला तरी त्याला ऊन ऊन रस्सा आणि भात मिळायचा. पुढे त्याच्या शाखा निघाल्या. त्यांच्याकडे जे भुकेच्या वेळी खातात, ते आपल्याकडे येता येता "हेल्दी डाएट" होऊन मॉलमध्ये बसलं. ही करामत आपली.

आता बिलाकडे येऊ. माझ्या वाडग्याचे ४८० रुपये झाले. भाडं, गॅस, पोरांचे पगार, बाहेरून येणारा मसाला हे सगळं धरा, हॉटेलवाल्याला माझा दोष नाही. पण हिशोब करून पाहू. एक किलो सोयाबीनपासून साधारण दीड ते दोन किलो टोफू होतो, मऊ असेल तर आणखी जास्त. म्हणजे माझ्या वाडग्यात फार तर शंभर-सव्वाशे ग्रॅम सोयाबीन. क्विंटलला चार हजाराचा भाव धरला तर चार-पाच रुपयांचं. ४८० रुपयांत शेतकऱ्याचे पाच. आणि तेही सोयाबीन आपल्याच शेतकऱ्याचं असेल तर.

आता गंमत बघा. दक्षिण कोरिया स्वतःच्या गरजेपुरतं सोयाबीन पिकवत नाही. बहुतेक सोयाबीन अमेरिका, ब्राझीलसारख्या देशांतून आणतो. तरी तिथे सोयाबीनचा टोफू आहे, सोयाबीन आंबवून केलेला मसाला आहे, सोयाबीनचे मोड आहेत, आणि ते रोजच्या ताटात आहे. आपल्या महाराष्ट्रात सुमारे पन्नास लाख हेक्टरवर सोयाबीन पेरतात. वर्धा, यवतमाळ, अमरावती, वाशिम, तिकडे मराठवाड्यात लातूर, सगळीकडे खरिपात नजर जाईल तिथवर तेच. आमच्या भंडाऱ्यात धान, पण पन्नास-शंभर कोसांवर सोयाबीनचा समुद्र. आणि तो समुद्र जातो कुठे? गिरणीत. गिरणीत त्याचं शेकडा अठरा-वीस भाग तेल निघतं. उरते ती ढेप. आणि ज्याला आपण ढेप म्हणतो, खरा माल तीच आहे. सोयाबीनमध्ये शेकडा चाळीसच्या आसपास प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीच्या जवळजवळ दुप्पट. तेल काढल्यावर ती सगळी ढेपेत उरतात. ढेप कोंबड्यांना जाते, परदेशात जनावरांना जाते.

ज्याच्या शेतात पिकत नाही तो खातो. ज्याच्या शेतात पिकतं तो गाडी भरून मोंढ्यावर नेतो, मिळेल त्या भावात देतो आणि परतताना पामतेलाची पिशवी घेऊन येतो.

"आपली खायची सवय नाही" म्हणून हा विषय झटकू नका. सवयीचं पुढे सांगतो. आधी भावाचं.

२०२१ साल आठवा. त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं होतं. शेतकऱ्यांनी पहिल्यांदा डोळे मोठे करून पाहिलं. तेवढ्यात कोंबडीपालन उद्योगाने ओरड केली की खाद्य महाग झालं. केंद्र सरकारने त्याच महिन्यात बारा लाख टन जीएम सोयाबीनची ढेप आयात करायला परवानगी दिली. जे जीएम सोयाबीन आपल्या शेतकऱ्याला पेरायची परवानगी नाही, त्याचीच ढेप बाहेरून आणायला चालली. नवा माल बाजारात यायच्या वेळेला भाव निम्म्यावर. कोंबडीची काळजी आठवड्यात घेतली गेली. शेतकऱ्याची फाइल फिरते आहे.

२०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा. हमीभाव होता ४८९२. बाजारात चार हजारांच्या आसपास. प्रचारात भाजपने सहा हजारांचं आश्वासन दिलं, काँग्रेसने सात हजार सांगितले. लिलाव चालू होता, फक्त मालाचा नव्हे, मतांचा. सरकारी खरेदी सुरू झाली तर अट बारा टक्के ओलाव्याची. परतीच्या पावसाने भिजलेलं सोयाबीन बारा टक्क्यांत बसणार कसं? ऐन मतदानाच्या आठवड्यात ती अट पंधरा टक्के झाली. मग बारदाना नाही म्हणून खरेदी अडली. देश चंद्रावर उतरला, पण सोयाबीन भरायला पोतं मिळालं नाही. पुढच्या हंगामाचा हमीभाव जाहीर झाला ५३२८. सहा हजार नाहीत, सात हजारही नाहीत. मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणलं. म्हणजे बाहेरचं तेल स्वस्त आणि गिरणीवाल्याला आपलं सोयाबीन पडत्या भावात घ्यायला कारण.

मी कोणत्याच पक्षाचा नाही हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण हे आकडे पक्षाचे नाहीत.

आता त्या वाडग्यातल्या अंड्याकडे येतो. या पोस्टचा जीव तिथे आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. जो खात नाही त्याला केळं. एक अंडं, फक्त एक. सहा-सात दिवसांत एक. ज्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या दिवशीची हजेरी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पोरं त्या दिवशी शाळा बुडवत नव्हती.

जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा पैसा बंद केला. शासन निर्णयाचा अर्थ असा, की अंडी, खीर, नाचणी सत्व द्यायचं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून द्यावं. वाचणारी रक्कम वर्षाला पन्नास कोटींच्या आसपास, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. लोकसहभाग म्हणजे कोण हो? ज्या गावात शाळेच्या खोलीचं कवेलू बदलायला वर्गणी जमत नाही, त्या गावाने दर आठवड्याला दीडशे पोरांची अंडी आणायची? मुंबईत बसून "लोकसहभाग" हा शब्द लिहायला काहीच पैसे लागत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, छत्तीस कमी वजनाची. हे सरकारचंच सर्वेक्षण आहे, कुठल्या मोर्च्याचं पत्रक नाही. खुजी म्हणजे फक्त बुटकी नव्हे. वाढीच्या वयात शरीराला, मेंदूला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही. ते पुढे कोणत्याच योजनेने भरून निघत नाही.

आता साखळी जोडा. शेतकऱ्याने सोयाबीन पिकवलं. गिरणीने तेल काढलं. ढेप कोंबडीने खाल्ली. कोंबडीने अंडं दिलं. अंडं शहरात गेलं, आमलेट झालं, केक झाला, माझ्या वाडग्यात फुटलं. आणि ज्या शेतकऱ्याच्या नावावर तो सातबारा आहे त्याचं पोरगं जिल्हा परिषदेच्या शाळेत पातळ वरण आणि भात खातं. साखळीत सगळ्यांना जागा मिळाली. कोंबडीलासुद्धा. फक्त पोराला नाही.

कोणी म्हणेल, शाळेच्या पाककृतीत सोयाबीन पुलाव आहे की. आहे. २०२४ च्या यादीत आहे. पण तुमच्या शाळेत तो आठवड्यातून कितीदा शिजतो, त्यात सोयाबीनच्या वड्या किती असतात आणि त्या कुठून येतात, हे एकदा स्वतः जाऊन पाहा. शिजवणाऱ्या ताईला विचारा. तिला महिन्याला अडीच हजारांचं मानधन आहे, तेही वेळेवर नाही. ती काय जादू करणार?

आता सवयीचा मुद्दा. "टोफू आपला नाही, परदेशी फॅड आहे." ठीक. मग तिखट कोणाचं? मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या जहाजांमधून इकडे आली. कोरियात ती सोळाव्या शतकाच्या अखेरीला पोहोचली असं मानतात. त्या लाल रश्शाचं तिखट त्यांचंही नाही आणि आमच्या भिवापुरी मिरचीचं मूळही भिवापूरचं नाही. पण आज भिवापूर म्हटलं की मिरची. बटाटा, टमाटर, सगळे पाहुणेच. पनीर तरी आमच्या झाडीपट्टीत कधी होतं? माझ्या लहानपणी लग्नात वांग्याची भाजी आणि वरण. आज पनीर नसेल तर वरात रुसते. सवय बदलते. बदलायला लावणारा पाहिजे.

आणि सोयाबीन खायची गोष्ट विदर्भाला नवी आहे का? नाही. वर्ध्याला मगनवाडी आहे. तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं, कुमारप्पा तिथे होते. १९३५ साली गांधीजींनी तिथल्या स्वयंपाकघरात सोयाबीनचे प्रयोग केले, पंगतीला ते वाढलं आणि त्याबद्दल 'हरिजन'मध्ये लिहिलं. गरीब माणसाला स्वस्तात पौष्टिक काय देता येईल हा त्यांचा प्रश्न होता. त्याच काळात बडोदा संस्थानातले अधिकारी एफ. एस. काळे यांनी सोयाबीनच्या शेतीवर आणि पाककृतींवर पुस्तक लिहिलं. म्हणजे नव्वद वर्षांआधी, जेव्हा विदर्भात सोयाबीनचं पीक असं नव्हतंच, तेव्हा ते खायचं कसं याचा विचार चालू होता. नंतर पीक आलं, लाखो हेक्टरवर आलं, आणि खाण्याचा विचार मात्र गेला. कारण ते पीक आणलं तेलासाठी. गिरणीसाठी. माणूस त्या आराखड्यात नव्हता.

खाणं काय आणि खाद्य काय, हे कोण ठरवतं? आमच्या भंडाऱ्याला हा प्रश्न जुना आहे. लाखोरीची डाळ आठवा. धान उभा असतानाच बांधीत लाखोरी शिंपायची, धान कापला की ती वर यायची. ना नांगरणी, ना खत. गरिबाची डाळ. ती फार खाल्ली तर पायाला लुळेपणा येतो म्हणून १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी आली. दुष्काळात दुसरं काहीच नसताना नुसती लाखोरी खाल्ल्याने लोक अपंग झाले, हे खरं आहे. पण त्याचा धडा "लोकांना दुसरंही खायला द्या" हा होता. सरकारने धडा घेतला "डाळ बंद करा" हा. लोक चोरून विकत राहिले, व्यापारी दुसऱ्या डाळीत मिसळत राहिले. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारींनी वर्षानुवर्षं उपोषणं केली, भांडले, तेव्हा महाराष्ट्राने बंदी उठवली. गरिबाच्या ताटातलं काढायचं असेल तर एक आदेश पुरतो. परत घालायचं असेल तर एका माणसाचं आयुष्य जातं.

दुसरा आक्षेप: "सोयाबीनने पोट फुगतं, ते बाधतं." कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं बाधतं, हे बरोबर. म्हणून तर उकळतात. टोफू करताना सोयाबीन चांगलं उकळलं जातं, चोथा वेगळा निघतो. शिवाय इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने खास खाण्यासाठीचे वाणही काढले आहेत, एनआरसी १२७ त्यातलाच. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत सोयादूध आणि टोफू बनवण्याचं प्रशिक्षण देतात. म्हणजे बियाणं आहे, यंत्र आहे, शिकवणारा आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त राग आणतो. "शेतकऱ्याने प्रक्रिया करावी, उद्योजक व्हावं." प्रत्येक कृषी प्रदर्शनात हे भाषण असतं. वर पंखा, समोर बिसलेरी. खाली बसलेला माणूस सकाळी फवारणी करून आलेला. तो उद्योजक होईल हो, पण त्याचा माल घेणार कोण? बचत गटाला अनुदानातून यंत्र मिळतं, फोटो निघतो, आमच्याच पेपरात छापून येतो. सहा महिन्यांनी यंत्रावर गोणपाट टाकलेलं असतं. कारण टोफू दोन-तीन दिवसांत आंबतो, फ्रिज चालवायला वीज नाही, गावात घेणारा नाही आणि शहर शंभर किलोमीटरवर. यंत्र दिलं, गिऱ्हाईक दिलं नाही. विहीर दिली, पाणी दिलं नाही, तसंच हे.

आणि गिऱ्हाईक तर समोर उभं आहे. शाळा. अंगणवाडी. आश्रमशाळा. रोज, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या संख्येने जेवणारी पोरं. एवढं पक्कं गिऱ्हाईक कोणत्या उद्योजकाला मिळतं? सकाळी गावातल्या गटाने केलेला टोफू दुपारी शाळेच्या भाजीत. ना फ्रिज, ना ट्रक. कोरियात छोदांगला जे होतं ते यापेक्षा वेगळं काय आहे?

पण आपल्याकडे स्वस्त जेवणाची कल्पना एकाच ठिकाणी अडकते, पाटीवर. १९९५ ला युती आली तर एक रुपयात झुणका-भाकर. २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला दहा रुपयांत शिवभोजन थाळी. दोन्हींनी काही भुकेल्यांचं पोट भरलं, ते नाकारायचं नाही. पण थाळीला नाव राज्यकर्त्यांच्या पसंतीचं, पाटीवर फोटो नेत्याचा. सरकार बदललं की निधी आटतो, केंद्रचालक बिलासाठी चकरा मारतो. जेवण हा हक्क नसतो, मेहरबानी असते. मेहरबानी कधीही काढून घेता येते. अंडं काढलं तसं.

कोरियाची एक गोष्ट सांगतो, रश्शाची नाही. २०११ साली सोल शहरात शाळेचं जेवण सगळ्या मुलांना फुकट द्यायचं की फक्त गरिबांच्या मुलांना, यावर मोठं भांडण झालं. महापौर ओ से-हून सगळ्यांना द्यायच्या विरोधात होते. त्यांनी त्यावर लोकांचं मतदान घ्यायला लावलं आणि त्यात स्वतःची खुर्ची पणाला लावली. २४ ऑगस्टला मतदान झालं. निकाल मोजायला किमान एक तृतीयांश लोकांनी मत देणं गरजेचं होतं, तेवढे लोक आलेच नाहीत. महापौरांनी राजीनामा दिला. एवढ्या मोठ्या राजधानीचा महापौर पोरांच्या दुपारच्या जेवणावरून घरी गेला. दहा वर्षांनी तो पुन्हा निवडूनही आला, ते वेगळं. पण पोरांचं ताट हा खुर्ची हलवणारा विषय आहे, हे तिथे सगळ्यांना कळलं.

आपल्याकडे अंडं गेलं तेव्हा कोणाचं काय गेलं? एक तालुकाध्यक्ष तरी घरी बसला का? एका सभेत तरी प्रश्न आला का? जातीवर सभा होतात, पुतळ्यावर होतात, कोणी काय खाऊ नये यावर तर रोज होतात. पोरांनी काय खावं यावर एकही नाही.

म्हणून माझी मागणी लिहून ठेवतो. ज्यांना पटेल त्यांनी कॉपी करून ग्रामसभेच्या ठरावात टाका.

एक. शाळेतलं आठवड्याचं अंडं राज्याच्या पैशाने परत सुरू करा. न खाणाऱ्याला केळं. "लोकसहभाग" हा शब्द त्या ओळीतून काढा.

दोन. हमीभावाने सरकार जे सोयाबीन विकत घेतं, त्यातला थोडा वाटा जिल्ह्यातल्या बचत गटांना द्या आणि त्याचा टोफू, सोयादूध, वड्या शाळा-अंगणवाडीने विकत घ्याव्यात. आधी दोन तालुक्यांत करून पाहा. लाखांदूर तयार आहे, मी जबाबदारीने सांगतो.

तीन. बचत गटाला यंत्र देताना त्यासोबत वर्षभराच्या खरेदीचा करार द्या. करार नसेल तर यंत्र देऊ नका, गोणपाट तरी वाचेल.

चार. पीक बाजारात यायच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत तेलाचं आयात शुल्क कमी करायचं नाही, ढेपेच्या आयातीला हात लावायचा नाही. पेरणीच्या आधी शेतकऱ्याला जे गणित दिसलं तेच काढणीला दिसलं पाहिजे.

पाच. शिजवणाऱ्या ताईंना माणसासारखे पैसे द्या. चांगलं अन्न तिच्या हातून जाणार आहे, मंत्र्याच्या नाही.

यातलं एकही काम अशक्य नाही. ज्या देशाला सोयाबीन बाहेरून आणावं लागतं, त्याने ते गरिबाच्या वाडग्यात घातलं. आपल्याकडे तर ते दारात पडलेलं आहे.

निवडणूक जिल्हा परिषदेची असो की आणखी कसली, मत मागायला जो येईल त्याला चहा पाजा. मान द्या, आपली ती रीत आहे. मग एकच विचारा: "साहेब, कोंबडीले ढेप भेटते, आमच्या पोराले अंडं काहून भेटत नाही?"

उत्तर देईपर्यंत त्याला उठू देऊ नका.